उसनें हाड



प्रवरेच्या कांठच्या नेवाशाचें नांव आपणांपैकीं कोणास ठाऊक नाहीं? ज्ञानेश्वरी जेथें सांगितली गेली तें हें गांव. परंतु आज मी आपणांस तेथें नेणार आहें तें देवळाकडे नव्हे, तर नदीकांठच्या पांढरीच्या एका टेकाडाकडे. त्या टेकाडास लाडमोड म्हणतात. १९५४ ते १९५६ या काळांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजाच्या वतीनें डॉ. सांकळिया, डॉ. शां. भा. देव आणि त्यांचे सहकारी यांनीं तेथें पद्धतशीर उत्खनन केलें. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं तेथें शेती करून राहणाऱ्या लोकांचीं घरें, भांडीं, तांब्याचे मणी आणि त्यांचे मृत देह त्यांस सांपडले. त्या लोकांची रीत अशी कीं, मूल गेलें म्हणजे दोन रांजणांचीं तोंडें एकमेकांस लावून त्यांत तें निजवावें आणि घराच्या जमिनीखालींच पुरावें. नेवाशास सांपडलेल्या दफनांत अशा मुलांचीच संख्या फार मोठी होती. त्याच नदीच्या कांठीं संगमनेराजवळ जोर्वें आणि श्रीरामपूर तालुक्यांत दायमाबाद येथेंही याच संस्कृतीच्या खुणा मिळाल्या, आणि जोर्व्यावरूनच त्या संस्कृतीला नांव पडलें.

त्या रांजणांतील मुलांचे जबडे आणि दांत शेंकडों पावसाळे जमिनीखालीं काढून आपल्या हातीं आले. दुधाच्या दांतांखालीं दडलेले, कधींच न उगवलेले कायमचे दांतही कित्येकांच्या हाडांत जेथल्या तेथें राहिले. आतां याच्या उलट आपल्या घरांतील एक अनुभव आठवून पाहा. आजोबांची वरची दाढ किडली आणि काढावी लागली. दोन वर्षांनीं पाहावें, तों दाढेच्या जागची हिरडी खोलगट झालेली, गाल आंत ओढलेला. दंतवैद्य क्षकिरणांचें चित्र उजेडासमोर धरून म्हणतो, "येथें नवा दांत बसवावयास हाडच उरलें नाहीं." मातीमध्यें जें हाड तीन हजार वर्षें टिकलें, तें जिवंत माणसाच्या तोंडांत तीन वर्षें कां टिकूं नये? आणि जेथें स्वतःचें हाड टिकलें नाहीं, तेथें बाहेरून आणून घातलेलें उसनें हाड टिकेल याचा भरंवसा काय? आजच्या भाषणाचा विषय तो हाच. हा प्रश्न केवळ वैद्यांचा नव्हे. ज्या घरांत असा सल्ला मिळतो, तेथें वर्षाची बचत आणि म्हाताऱ्या माणसाच्या ताटांतील भाकरी यांचा हिशेब त्याच्या उत्तरावर अवलंबून असतो.

प्रथम जागा नीट समजून घेऊं या. आपल्या गालाच्या आंत, डोळ्याच्या खालीं आणि वरच्या दाढांच्या वर एक पोकळी असते. तिच्यांत हवेवांचून दुसरें कांहीं नसतें. वैद्य तिला सायनस म्हणतात. मोठ्या माणसांत ती सुमारें १५ घन सेंटीमीटरांची, म्हणजे तीन लहान चमचे पाणी मावेल एवढी असते. लिओनार्दो दा विंची यानें १४८९ च्या सुमारास कवटी चिरून तिचें चित्र काढलें होतें. परंतु वैद्यकांत तिला मान मिळाला तो नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याच्या १६५१ सालच्या ग्रंथामुळें. हायमोरनें तेथें एका बाईची हकीकत दिली आहे. तिचा वरचा सुळा काढला, तेव्हां हाडाला भोंक पडून पोकळी उघडी झाली. त्यांतून पाणी कां झिरपतें तें पाहावें म्हणून तिनें भोंकांतून पिसाची काडी आंत घातली. ती जातच राहिली, तेव्हां बाई घाबरली; काडी मेंदूपर्यंत पोंचली असें तिला वाटलें. हायमोरनें तिची समजूत घातली कीं ही पोकळी सर्वांनाच असते. दाढेचें मूळ आणि ही हवेची खोली यांच्यामधील भिंत किती पातळ आहे, हें त्या बाईच्या भीतीवरून उत्तम कळतें.

जन्मतःच मुलाच्या गालांत ही पोकळी जेमतेम वाटाण्याएवढी असते. दांत जसजसे खालीं उतरून बाहेर येतात, तसतशी ती त्यांच्यामागून वाढते, आणि सोळा-अठराव्या वर्षाच्या सुमारास पुऱ्या आकारास पोंचते. जणूं दांतांनीं सोडलेली जागा हवा व्यापीत जाते. नेवाशाच्या रांजणांतील तान्ह्या मुलांना ती वाढण्याचा अवसरच मिळाला नव्हता. पुढें म्हातारपणीं दाढा पडल्या कीं हाच क्रम पुन्हां चालूं होतो. खालून हिरडीचें हाड झिजतें आणि वरून हवेची खोली पसरत खालीं येते. दोहोंच्या मधें सांपडलेलें हाड कित्येकदां चार-पांच मिलीमीटरांचें, तर कधीं कागदासारखें उरतें. दांत काढल्यावर पहिल्या वर्षांत त्या जागच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्यानें घटते, आणि त्या घटीचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच घडून येतो, असें मोजणीनें दिसून आलें आहे.

असें कां होतें? हाड म्हणजे दगड अशी आपली समजूत असते. ती मेलेल्या हाडापुरतीच खरी आहे. जिवंत हाड रोज मोडतें आणि रोज बांधलें जातें. कांहीं पेशी तें कुरतडून काढतात आणि दुसऱ्या कांहीं तें नव्यानें रचतात. ज्या हाडावर भार पडतो तेथें रचणाऱ्यांचा हात वर असतो. जेथें भार उरला नाहीं तेथें कुरतडणाऱ्यांचा. जर्मन शल्यवैद्य यूलियस वोल्फ यानें १८९२ सालीं हें तत्त्व ग्रंथरूपानें मांडलें. दाढ पडली म्हणजे भाकरी चावण्याचा जो भार मुळांवाटे हाडांत उतरत होता तो थांबतो, आणि बिनकामाच्या त्या हाडाला शरीर पोसत नाहीं. रांजणांतील हाडाला मात्र खाणारेंही कोणी नव्हतें आणि बांधणारेंही कोणी नव्हतें. तें टिकलें, कारण तें निपचित होतें.

पुराण्या जबड्यांचा अभ्यास करणारे विद्वान याच तत्त्वाचा उपयोग करितात. घोड नदीच्या पलीकडे, पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथें जोर्वें संस्कृतीचींच माणसें सांपडलीं. त्यांच्या अस्थींवर आणि दांतांवर जॉन लुकाक्स आणि डॉ. सुभाष वाळिंबे यांनीं १९८६ सालीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा अभ्यासांत एक प्रश्न नेहमींच पडतो : जबड्यांत दांत नाहीं, तर तो माणूस जिवंत असतांना पडला कीं मेल्यावर मातींत गळला? उत्तर खळगीच पाहून देतां येतें. खळगीची कड धारदार आणि पोकळी रिती असेल, तर दांत मेल्यावर गळला. खळगी भरून आली असेल आणि कड गुळगुळीत होऊन खालीं बसली असेल, तर तो जिवंतपणींच गेला आणि हाडानें त्याची नोंद घेतली.

आतां उसन्या हाडाकडे वळूं. एका जागचा अवयव दुसऱ्या जागीं लावून तो जगवावा ही विद्या आमच्या देशास अपरिचित नव्हती. सुश्रुतानें कापलेलें नाक पुन्हां घडविण्याची रीत सांगितली आहे. आणि महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेली तशी एक घटना तर साऱ्या युरोपला ठाऊक झाली. कावसजी नांवाचा एक मराठी शेतकरी १७९२ च्या लढाईंत इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकीत असे. तो टिपूच्या हातीं सांपडला आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. वर्षभर तो तसाच हिंडला. पुढें पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याला नवें नाक लावून दिलें. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज वैद्यांनीं ती क्रिया प्रत्यक्ष पाहिली आणि तिचा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्यें लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत छापून आला. कारागिराचें नांव मात्र त्यांत नाहीं.

ती क्रिया कशी होती तें ऐका, कारण आपल्या प्रश्नाची किल्ली तींत आहे. कारागिरानें मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागीं बसवून त्याचा आकार घेतला, तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोंवतीं रेघ काढली. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोलली. पण दोन डोळ्यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी कापली नाहीं. मग तुटलेल्या नाकाची जुनी कड खरवडून ताजी केली, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खालीं आणली आणि तेथें बसविली. वर पाण्यांत कालविलेल्या काताच्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या, आणि चार दिवस दुसरा कसलाही उपचार केला नाहीं. मग तुपांत भिजविलेलीं फडकीं लावलीं. रोग्यानें पांच-सहा दिवस उताणें निजून राहावें असा दंडक होता. आणि डोळ्यांमधली ती पट्टी कापली केव्हां? पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, नव्या नाकाला खालच्या कडेकडून रक्त मिळूं लागल्यावर.

या साध्या रीतींत तीन गोष्टी आहेत. लावलेल्या भागाला रक्त मिळालें पाहिजे. तो हलतां कामा नये. आणि उतावीळ करतां कामा नये. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यानें ही हकीकत वाचून २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं तशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ सालीं तिच्यावर पुस्तक लिहिलें. कातडीच्या बाबतींत पुण्याचा तो कारागीर हें जाणून होता. हाडाच्या बाबतींत हेंच शिकावयास युरोपास आणखी पुष्कळ काळ लागला.

हाड उसनें घेण्याची एक फार जुनी नोंद हॉलंडच्या योब फान मेकरेन या शल्यवैद्याच्या ग्रंथांत आहे. तो ग्रंथ १६६८ सालीं प्रसिद्ध झाला. एका रशियन सरदाराच्या डोक्यास तलवारीचा घाव लागून कवटीचा तुकडा गेला होता. तेथें कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसविला आणि जखम भरून आली. परंतु ख्रिस्ती माणसाच्या डोक्यांत कुत्र्याचें हाड हें तेथील धर्मपीठास रुचलें नाहीं, आणि त्यास बहिष्कृत करण्यांत आलें. तेव्हां तो हाड काढून घ्यावयास निघाला. ही गोष्ट लक्षांत ठेवा. पुढें आपल्याच घरीं तिच्याशीं गांठ पडणार आहे. त्यानंतर दोनशें वर्षांनीं ग्लासगोच्या विल्यम मॅकिवेन यानें एका लहान मुलाच्या दंडाचें सडून गेलेलें हाड दुसऱ्या मुलांच्या पायांतून निघालेल्या हाडाच्या तुकड्यांनीं भरून काढलें. ही गोष्ट १८८० च्या सुमाराची. तो हात पुढें कामास आला. असे यश पाहून शास्त्रज्ञांनीं विचारलें, कीं लावलेलें हाड जगतें कसें? सूक्ष्मदर्शकानें दिलेलें उत्तर चमत्कारिक होतें. तें बहुतांशी जगतच नाहीं. लावलेला तुकडा हळूहळू मरतो. भोंवतालच्या जिवंत हाडांतून रक्तवाहिन्या आणि पेशी त्यांत शिरतात, जुनें थोडें थोडें खात जातात आणि त्याच्या जागीं नवें बांधीत जातात. अमेरिकन शल्यवैद्य फेमिस्टर यानें १९१४ सालीं या क्रियेला एक नांव दिलें. त्या नांवाचा आशय असा, कीं सरपटत सरपटत होणारी अदलाबदल. म्हणजे उसनें हाड हें घराची वीट नव्हे. तें मांडवाच्या बांबूसारखें आहे. वेल त्यावर चढून स्वतःच्या बळावर उभा राहीपर्यंत बांबूनें टिकावें, आणि नंतर कुजला तरी हरकत नाहीं. बांबू वेल चढण्यापूर्वींच मोडला, तर मात्र सारें खालीं येतें.

विसाव्या शतकाच्या मध्याला या इतिहासाला एक वेगळा ओहोळ येऊन मिळाला. स्वीडनमध्यें पेर-इंगवार ब्रोनमार्क हा संशोधक १९५२ सालीं सशाच्या पायाच्या हाडांत टायटॅनियम धातूची एक बारीक नळी बसवून हाडांतील रक्तप्रवाह पाहत होता. प्रयोग आटोपल्यावर नळी काढूं म्हणतो, तर ती निघेना! हाडानें धातूला घट्ट कवटाळलें होतें. या अनपेक्षित अडचणींतूनच १९६५ सालीं गॉथेनबर्ग येथें एका माणसाच्या जबड्यांत टायटॅनियमचीं मुळें बसविण्यांत आलीं. त्यांवर लावलेले दांत त्या माणसाला आयुष्यभर उपयोगी पडले. आज आपण ज्याला इम्प्लांट म्हणतों, त्याचा जन्म तो असा झाला.

परंतु इम्प्लांट धरावयास हाड पाहिजे, आणि वरच्या दाढांच्या जागीं तेंच कमी. अमेरिकेंतील हिल्ट टेटम या दंतवैद्यानें सत्तराच्या दशकांत यावर उपाय काढला. गालाच्या आंतल्या बाजूनें हाडाला एक लहानशी खिडकी पाडावयाची. आंत सायनसला अस्तरासारखा जो पातळ पडदा चिकटलेला असतो, तो न फाडतां हळूच सोडवून वर उचलावयाचा. आणि खालीं मोकळ्या झालेल्या जागेंत हाड भरावयाचें. अंड्याच्या कवचाच्या आंत जो पापुद्रा असतो, तो आपण सर्वांनीं पाहिला आहे. कवच फोडून पापुद्रा शाबूत ठेवणें जितकें अवघड, तितकेंच हें अवघड आहे. फिलिप बॉइन आणि रॉबर्ट जेम्स या दोघांनीं १९८० सालीं प्रथम या जातीच्या शस्त्रक्रियेचा छापील अहवाल दिला. त्यांनीं रोग्याच्याच कमरेच्या हाडांतील मगज घेऊन तो आंत भरला होता. टेटमचा स्वतःचा लेख १९८६ सालीं निघाला. हवेच्या खोलीचें तळ वर उचलणारी ही क्रिया म्हणून तिला सायनस-लिफ्ट हें नांव पडलें.

पुढचा प्रश्न साहजिकच असा आला, कीं भरलेलें हाड राहतें का? १९९६ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांत या एकाच विषयावर तज्ज्ञांची परिषद भरली. ३८ शल्यवैद्यांनीं दहा वर्षांत केलेल्या १,००७ शस्त्रक्रियांचा आणि त्यांत बसविलेल्या २,९९७ इम्प्लांटांचा हिशेब तेथें मांडण्यांत आला. त्यांतील २२९ इम्प्लांट निकामी झाले होते. ही क्रिया भरंवशाची आहे, असा परिषदेचा निर्वाळा पडला. त्यानंतर इम्प्लांटांचे पृष्ठभाग खडबडीत करण्यांत आले, आणि अपयशाचें प्रमाण आणखी घटलें. पण शेंकडा नव्वदांना यश आलें म्हणून, उरलेल्या दहांत आपण नसूंच असें कोणी धरून चालूं नये.

भरलेल्या हाडाचें आकारमान किती टिकतें याच्याही मोजण्या झाल्या. रोग्याचेंच हाड घेतलें, तर त्यांत जिवंत पेशी असतात आणि नवें हाड लवकर बांधलें जातें. परंतु तें खाल्लेंही लवकर जातें. पहिल्या कांहीं महिन्यांत त्याचें आकारमान निम्म्याच्या आसपास घटल्याचें आढळलें आहे. याच्या उलट गाईबैलांच्या हाडांतील सर्व जैव अंश काढून टाकून जो खनिज सांगाडा उरतो, त्याचे कण अतिशय मंद गतीनें विरघळतात. त्यांची घट पुष्कळच कमी, सुमारें पांचव्या हिश्शाच्या आसपास असते. कृत्रिम खनिजांच्या कणांचेंही थोड्याफार फरकानें असेंच आहे. म्हणून पुष्कळ शल्यवैद्य दोहोंचें मिश्रण करितात. जलद बांधणारें आणि सावकाश झिजणारें असे दोघे शेजारी असले, म्हणजे वेल चढेपर्यंत मांडव टिकतो. हाड भरल्यापासून तें पक्व होण्यास चार ते नऊ महिने लागतात. मूळचें हाड जितकें थोडें, तितकी वाट अधिक पाहावी लागते. पडदा फाटणें ही या क्रियेंतली नेहमींची अडचण आहे. पांचांत एकाच्या बाबतींत ती उद्भवते. बहुधा तिथल्या तिथें सांवरतां येते, पण शल्यवैद्याचा हात सरावलेला हवा.

या सर्व इतिहासांत मला सर्वांत बोलकी वाटते ती स्वीडनमधील ऊमिओ येथील स्टेफान लुंडग्रेन आणि त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेली गोष्ट. त्यांनीं पडदा उचलला, इम्प्लांट तंबूच्या खांबासारखे उभे केले, आणि आंत हाड भरलेंच नाहीं. केवळ रक्त भरून तें थिजूं दिलें. सहा महिन्यांनीं पाहतात तों त्या जागेंत नवें हाड! म्हणजे शरीराला जागा मिळाली, रक्त मिळालें, आणि ती जागा खालीं कोसळली नाहीं, तर हाड आपण होऊन बांधलें जातें. उसनें हाड घालण्याचें काम तरी दुसरें काय? तेंही जागा धरून ठेवतें आणि शरीराला सवड देतें. पुढें इम्प्लांट लागला, त्यावर दांत बसला आणि चावण्याचा भार पुन्हां उतरूं लागला, म्हणजे नवीन हाड त्याच्याभोंवतीं राहतें, कारण त्यास काम मिळतें. बिनकामाचें ठेवलें तर तेंही हळूहळू झिजतें. नेवाशाच्या त्या विरोधाभासाचें उत्तर हेंच. मातींतील हाडाचें टिकणें मेल्याचें टिकणें आहे. तोंडांतील हाडाचें टिकणें म्हणजे जितकें झिजेल तितकें रोज नव्यानें बांधलें जाणें, आणि त्यासाठीं रक्त, स्वस्थता, अवधि आणि काम या चारही गोष्टी लागतात.

आतां मीं मघाशीं लक्षांत ठेवावयास सांगितलेल्या रशियन सरदाराकडे वळतों. आमच्या कित्येक घरांत गाय ही देवतेसमान मानली जाते. उसनें हाड म्हणून वापरावयाचे कण पुष्कळदां गाईबैलांच्या हाडांचे असतात, हें शस्त्रक्रियेपूर्वीं किती घरांना सांगितलें जातें? त्यांत रोगाचा धोका राहूं नये म्हणून त्यांवर पुष्कळ संस्कार झालेले असतात. हें खरें असलें तरी धर्मबुद्धीचा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. कोणी म्हणेल, खनिजाला कसली जात? कोणी म्हणेल, मला तें नको. दोघांचाही अधिकार सारखाच आहे, आणि दोघांसही आधीं कळलें पाहिजे. कारण त्या सरदाराला नंतर जें उमगलें तें असें, कीं हाडानें हाड एकदां स्वीकारलें म्हणजे तें परत करतां येत नाहीं. असें म्हणतात, कीं त्याचा तो तुकडा भोंवतालच्या हाडाशीं इतका एकजीव झाला होता, कीं तो काढतांच आला नाहीं. स्वतःच्या शरीराचें हाड, मानवी दात्याचें हाड किंवा कृत्रिम खनिज असे दुसरे मार्ग आहेत. प्रत्येकाचे गुण आणि उणेपणा वेगळे. विचारणें हें रोग्याचें काम आणि सांगणें हें वैद्याचें कर्तव्य आहे.

शेवटीं पुन्हां प्रवरेच्या कांठीं येऊं. २०२४ सालापासून ज्याला अहिल्यानगर हें नांव मिळालें, त्या पूर्वींच्या अहमदनगर जिल्ह्यांत लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील यांनीं अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्यानें १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्या दुष्काळी मुलखाचें रूप पालटलें. त्याच लोणीस आज दंतवैद्यकाचें महाविद्यालय आहे. संगमनेराजवळ आणखी एक आहे. साखर पिकविणाऱ्या खोऱ्यांत दांतांची विद्याही यावी हा एक योग्यच न्याय म्हणावा. पूर्वीं अशा उपचारांसाठीं पुण्यामुंबईची वाट धरावी लागे. आतां खेड्यांतील माणसालाही जवळच तज्ज्ञाचा सल्ला मिळूं शकतो. परंतु सायनस-लिफ्ट आणि इम्प्लांट यांचा खर्च शेतकऱ्याच्या घराला अजून जड जातो, आणि तो वांया गेला म्हणजे दुप्पट जड जातो.

म्हणून दोन-चार गोष्टी प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवाव्या. तंबाखू ओढणाऱ्याचें उसनें हाड अधिक वेळां दगा देतें, कारण धूर रक्तवाहिन्या आंखडवितो, आणि रक्तावांचून अदलाबदल होत नाहीं. मिश्रीची संवय असलेल्या आमच्या भगिनींनीं तर ती उपचारापूर्वींच सोडावी, कारण जखमेवर तंबाखू लागणें केव्हांही वाईटच. मधुमेह असेल तर तो आधीं आटोक्यांत आणावा. शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवडे नाक जोरानें शिंकरूं नये, आणि शिंक आली तर तोंड उघडें ठेवून द्यावी, म्हणजे हवेचा दाब आंतल्या नाजूक पडद्यावर येत नाहीं. काम लवकर आटोपावें म्हणून वैद्याला घाई करूं नये. पुण्याच्या त्या कारागिरानें पंचवीस दिवस वाट पाहिली, आपण महिने पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, दाढ काढण्याची वेळ आली कीं ती काढण्यापूर्वींच, पुढें तेथें काय बसवावयाचें तें वैद्यास विचारावें. दांत काढतांच खळगी जपण्याची सोय त्याच वेळीं करून घेतली, तर पुढें उसनवारीची गरज कमी पडते. किडलेली दाढ वेळेवर भरून वांचविली, तर ती पडतही नाहीं. वांचविलेला आपला दांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ इम्प्लांट होय.

नेवाशाच्या टेकाडांतील त्या मुलांच्या तोंडांत कायमचे दांत उगवावयाचे राहूनच गेले. त्यांना दाढ गेल्याची तक्रार करण्याचा अवकाशही मिळाला नाहीं. आपल्याला मिळालेल्या आयुष्याच्या मानानें आपले जबडे सांभाळण्याची विद्या आज आपल्या हाताशीं आहे. ती जपून आणि पुरी माहिती घेऊन वापरावी, एवढेंच माझें सांगणें आहे.